मदत हवी आहे : कंपनीसोबतचा करार आणि ५०० लिटरचा फर्मेंटर

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करतेय. विषय : उसाच्या मोलॅसिसपासून जिवाणूंकरवी लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्याला आंबटपणा देणारं आम्ल. (सासूबाई सगळ्यांना सांगतात, "सूनबाई दही लावायला शिकतेय." तशा फार चुकत नाहीत त्या!)

५ लिटरच्या फर्मेंटरमध्ये (जिवाणू वाढवायच्या टाकीत) सगळं छान चाललंय. आता कुरकुंभकडची एक कंपनी ५०० लिटरवर करून बघायला तयार आहे. टाकीच्या उंची-रुंदीचं प्रमाण तेच ठेवलं तर द्रव १०० पट होतो, पण भिंतीचं क्षेत्रफळ जेमतेम साडेएकवीस पट. म्हणजे जिवाणूंची उष्णता नुसत्या जॅकेटवर (टाकीभोवतीच्या गार पाण्याच्या वेष्टणावर) काढणं तुलनेनं अवघड. शिवाय तयार होणारं आम्ल मारायला पाण्यात कालवलेला चुना वरून सोडला की मिसळायला वेळ लागतो. तेवढ्यात वरच्या थरात पीएच चढतो नि तिथले जिवाणू मरगळतात. चुना ढवळायच्या पंख्याजवळ सोडून कुणी पाहिलंय का? फरक पडतो?

खरी अडचण मात्र कराराची. मसुद्यात लिहिलंय, दोन वर्षं काहीही प्रसिद्ध करायचं नाही. मग मी प्रबंध कधी देऊ? आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज भरायचा (म्हणजे पेपरमुळे पेटंट हुकणार नाही), मग पेपर पाठवायचा, आणि १२ महिन्यांच्या आत पेटंट कार्यालयाला पूर्ण तपशील द्यायचा, हा मार्ग मी सुचवला. कंपनीचे साहेब "बघू" म्हणाले. त्यांचं "बघू" म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे.

असा करार केलेल्या कुणी प्रबंधासाठी वेगळं कलम घालून घेतलंय का? शब्दरचना कशी होती? पाषाणला एनसीएलजवळच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेजवळच्या) व्हेंचर सेंटर या नवउद्योगांना मदत करणाऱ्या केंद्रातही विचारणार आहे, पण आधी अनुभवी माणसांकडून ऐकायचंय. सही पुढच्या सोमवारी आहे.