गरम मटण पिशवीत बांधू नका
एकानं सल्ला दिलाय की जत्रेला बोकड कापला की तुकडे लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बर्फात ठेवावेत. बर्फाचं पटलं, पिशवीचं अजिबात नाही. कापल्यावर मांसात ३८-३९ अंशांची ऊब असते. गाठ मारलेल्या पिशवीत ती कोंडते, घाम सुटतो आणि मटण आतून आंबतं. पहिला वास मांडीच्या हाडालगत येतो, कारण तिथं मांस सगळ्यात जाड. वरून लालबुंद दिसतं, सुरी हाडापर्यंत घातली की कळतं. म्हणून आतडी ताबडतोब काढा, मांड्या वेगळ्या करा, हाडाच्या कडेनं उभा छेद द्या आणि मलमलच्या फडक्याआड सावलीत वाऱ्यावर टांगा. पण अर्धा-पाऊण तासच. नाशिकात एप्रिल-मेला पारा चाळिशीला टेकतो, त्या हवेत मटण फारसं गार होणारच नाही.

मग बर्फ. हिशेबानं १ किलो मटण ४ अंशांवर आणायलाच साधारण ३५० ग्रॅम बर्फ वितळतो. बर्फाचा डबा तापतो, झाकण उघडझाप होतं, तेव्हा मटणाइतकाच बर्फ घ्या. तळाशी जाळी हवी, वितळलेलं पाणी काढत राहा. रक्ताळ पाण्यात बुडालेले तुकडे बुळबुळीत होतात. हळद-मीठ चोळून मटण दिवसभर टिकतं हा भरवसा सोडा, ते आतपर्यंत पोचतच नाही. कलेजी आणि खिमा आधी शिजवा.