अमेरिकेचं संविधान मंजूर करताना नेमकं काय झालं?

मीनल_वाचते
मंडळी, एक शंका. १७ सप्टेंबर १७८७ ला फिलाडेल्फियात ३९ जणांनी सह्या केल्या इथपर्यंत सगळीकडे सविस्तर मिळतं आणि पुढे एकदम वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष. मधलं काय? आणि आधीचा जुना करार (आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, ज्याने तेरा राज्यं एकत्र बांधली होती) बदलायला तेराही राज्यांची संमती लागायची ना, मग नऊ राज्यांवर भागेल हे कुणी ठरवलं? मला तर हा सरळ सरळ नियम मोडणं वाटतं.

जुनी_पानं
हा आक्षेप तेव्हाही जोरात घेतला गेला होता. फिलाडेल्फियाची परिषद बोलावली होती जुन्या करारात दुरुस्त्या सुचवायला, यांनी तो बाजूला ठेवून नवीनच लिहून काढलं आणि कलम ७ मध्ये टाकलं की नऊ राज्यांनी मान्य केलं की त्या नऊ राज्यांपुरतं लागू. एकमताची वाट बघत बसले असते तर काही झालंच नसतं, ऱ्होड आयलंडने तर प्रतिनिधीसुद्धा पाठवले नव्हते. केंद्राला आयातीवर कर लावू द्यायची दुरुस्तीही आधी एकेका राज्याने अडवून धरली होती, स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज डोक्यावर आणि तिजोरी रिकामी. म्हणून मंजुरीचं काम राज्यांच्या विधिमंडळांना न देता लोकांनी खास निवडलेल्या परिषदांना दिलं, कारण विधिमंडळं स्वतःचे अधिकार कमी करून घ्यायला कशाला तयार होतील.

सभागृह
पण घाई किती केली तेही सांगा ना. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात मंजुरीची परिषद बोलवायचा ठराव येणार म्हणून विरोधी सदस्य कोरम (कामकाजाला लागणारी किमान हजेरी) मोडायला गैरहजर राहिले, तर दुसऱ्या दिवशी जमावाने दोघांना त्यांच्या मुक्कामावरून अक्षरशः ओढत सभागृहात आणून बसवलं. त्यातला एक, मॅकाल्मंट, सांगत होता की मला जबरदस्तीने आणलंय, जाऊ द्या, तरी त्याला दाराबाहेर पडू दिलं नाही. कोरम भरला, ठराव पास. डिसेंबरात तिथे ४६ विरुद्ध २३ ने मंजुरी मिळाली पण तो राग लोक विसरले नाहीत, त्याच महिन्यात तिथल्याच कार्लाइल गावात दंगल झाली.

जुनी_पानं
@सभागृह खरंय, आणि त्याचा परिणाम मॅसॅच्युसेट्समध्ये दिसला. तिथे १८७ विरुद्ध १६८, दहा जण फिरले असते तर पडलंच असतं. वाचलं ते कसं, तर गव्हर्नर जॉन हॅनकॉकने मांडलं की आत्ता मंजुरी द्या आणि सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडा. माझ्या मते सगळ्या लढ्यातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच, कारण विरोधकांना नुसतं हरवलं नाही तर त्यांचं म्हणणं कागदावर घेतलं. पुढे न्यू हॅम्पशायर २१ जून १७८८ ला नववं राज्य ठरलं, मग व्हर्जिनिया ८९-७९, आणि न्यूयॉर्क, जिथे सुरुवातीला विरोधक ४६ आणि समर्थक १९ होते, तिथे शेवटी ३०-२७. संविधानाचा समर्थक अलेक्झांडर हॅमिल्टनची भाषणं होतीच, पण व्हर्जिनियाची बातमी आल्यावर बाहेर राहून करणार काय हा प्रश्न उभा राहिला.

मीनल_वाचते
म्हणजे विरोधकांना आडमुठे म्हणतात ते चुकीचंच की.

रेवा
अगदी चुकीचं. फिलाडेल्फियाच्या परिषदेत व्हर्जिनियाचा प्रतिनिधी असलेल्या जॉर्ज मेसनने सही नाकारली त्यातलं मोठं कारण हेच की नागरिकांच्या हक्कांची यादीच नव्हती. धर्म, छापखाना, ज्युरी, कशाचीच पुरेशी हमी नाही म्हणून संविधानाचा विरोधक पॅट्रिक हेन्री व्हर्जिनियात दिवसेंदिवस बोलत राहिला. शेवटी संविधानाचा मोठा समर्थक जेम्स मॅडिसननेच १७८९ मध्ये काँग्रेससमोर दुरुस्त्या मांडल्या, त्यातल्या दहा १५ डिसेंबर १७९१ ला लागू झाल्या, तेच बिल ऑफ राइट्स. एक मात्र विसरू नका, हक्कांचं एवढं बोलणं झालं तरी गुलामांचा व्यापार १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही हे कलम तसंच राहिलं. मेसन त्या व्यापारावर परिषदेत कडक बोलला होता, पण त्याचे स्वतःचेही गुलाम होते.

सभागृह
आणि ऱ्होड आयलंड आलं मे १७९० मध्ये, ३४-३२ ने, तेही व्यापारबंदीची धमकी आल्यावर. वॉशिंग्टनला शपथ घेऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.