अर्धवेळ कामाने बेरोजगारी भत्ता बंद होत नाही (कॅलिफोर्निया)

'बेरोजगारी भत्ता चालू असताना किरकोळ काम घेऊ नका, सगळंच बंद होईल' असा सल्ला कुणी देतं, तो निदान कॅलिफोर्नियात तरी खरा नाही. इथे आठवड्याच्या कमाईतले पहिले २५ डॉलर किंवा कमाईचा पाव हिस्सा, यांतलं जे जास्त असेल ते सोडून देतात आणि उरलेलेच भत्त्यातून वजा करतात. म्हणजे आठवड्याला ४५० डॉलरचा भत्ता (इथली कमाल मर्यादाच ती!) आणि दुकानात २०० ची कमाई असेल, तर ५० माफ, १५० वजा, हातात ३०० भत्ता अधिक पगार. शिवाय कापलेले १५० बुडत नाहीत, खात्यात शिल्लक राहतात आणि दाव्याच्या (म्हणजे भत्त्यासाठी केलेल्या अर्जाच्या) वर्षभरात पुढे उपयोगी पडतात. पूर्णवेळ नोकरीचा शोध मात्र चालू हवा.

माझ्या बायकोने हे केलंय. गोंधळ होतो तो दर दोन आठवड्यांनी भरायच्या फॉर्मवर. कमाई लिहायची ती काम केलं त्या आठवड्यात, रविवार ते शनिवार, चेक कधीही येवो. आणि कर कापण्याआधीची रक्कम. ती फ्रिजवर कागद लावून रोजचे तास टिपायची, त्यामुळे स्लिपची वाट पाहावी लागली नाही. जाणूनबुजून लपवलंत तर जास्तीचे पैसे परत, वर ३० टक्के दंड.

आणि हो, या भत्त्यावर राज्याचा कर नाही, पण फेडरल (केंद्र सरकारचा) लागतो. १० टक्के आधीच कापून घ्यायची सोय आहे, ती घ्याच.