कॅलासच्या अभिनयाचं कौतुक उगाच नाही

'ऑपेरात नुसतं उभं राहून गायचं असतं, समीक्षक अभिनयाचं कौतुक उगाच करतात,' असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

ऑपेरा गायिका मारिया कॅलासने १९६४ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात केलेल्या 'तोस्का' या ऑपेराच्या दुसऱ्या अंकाचं चित्रीकरण उपलब्ध आहे, ते बघा. समोर स्कार्पिया या दुष्ट पोलीसप्रमुखाच्या भूमिकेत गायक तीतो गोब्बी. तो तोस्का आणि तिच्या प्रियकराला शहर सोडण्याचा परवाना लिहीत बसलाय. तोस्का झालेली कॅलास पेला घ्यायला टेबलाशी येते आणि सुरी दिसते. त्या क्षणी ती गात नाही. हात थबकतो, नजर तिथेच खिळते. बाईच्या मनात खून जन्माला येताना आपण बघतो! तेव्हा तिचे वरचे सूर डळमळायला लागले होते, हे खरंच. टीकाकारांनी ते लिहिलंही आणि तरीही तिला डोक्यावर घेतलं, ते याच्यासाठी.

त्यात नजर इतकी अधू, की रंगमंचावरून कंडक्टरही, म्हणजे वाद्यवृंदाचा संचालकही, नीट दिसायचा नाही. सगळं संगीत पाठ, आणि कानांच्या भरवशावर.

मी भरत नाट्य मंदिरात संगीत नाटकं बघत वाढलो. पद सुरू झालं की पात्र बाजूला आणि गवई पुढे, वन्समोअर आला की पुन्हा तेच पद. त्या गाण्यावर माझं आजही प्रेम आहे. पण गाताना पात्र एक क्षणही सुटू न देणं म्हणजे काय, ते मला कॅलासने दाखवलं.