शुल्त्स की शोल्त्स? पणजीच्या माहेरच्या आडनावाचा शोध

गिरगावकर:
नमस्कार. माझे पणजोबा १९२० च्या दशकात रसायनशास्त्र शिकण्यासाठी गिरगावातून बर्लिनला गेले आणि १९२७ मध्ये तेथेच एका जर्मन मुलीशी विवाह करून मुंबईला परतले. आमच्या घरी सगळे तिला 'मोठी आई' म्हणत. तिचा जन्म १९०३ चा, पंथ प्रॉटेस्टंट आणि माहेर सायलेशिया प्रांतात ब्रेस्लाउजवळच्या एका खेड्यात, एवढेच वडिलांना ठाऊक आहे. मुंबईतील तिच्या सर्व कागदांवर माहेरचे आडनाव शुल्त्स असे आहे. मात्र तिने सोबत आणलेल्या बायबलच्या पहिल्या पानावर जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात जे लिहिले आहे, ते मला शोल्त्स वाटते. ही दोन आडनावे वेगळी आहेत का, त्यांचा अर्थ काय, आणि तिच्या घराण्याचा माग आज काढता येईल का? वडील ८१ वर्षांचे आहेत आणि त्यांच्या हयातीत आजीचे गाव त्यांना कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दादरची वाचक:
आडनावे दोन असली तरी मूळ एकच आहे. जुन्या जर्मनमध्ये 'शुल्टहाइस' नावाचा एक अधिकारी असे. 'शुल्ड' म्हणजे देणे आणि 'हाइसेन' म्हणजे फर्मावणे, तेव्हा गावकऱ्यांना त्यांचे देणे चुकते करण्यास फर्मावणारा तो शुल्टहाइस. सारा गोळा करणे, गावच्या न्यायसभेत प्रमुख म्हणून बसणे आणि जमीनदारापुढे गावाच्या वतीने उभे राहणे ही त्याची कामे होती, त्यामुळे मराठीत त्याला 'पाटील' म्हटले तर फारसे चुकणार नाही. हा शब्द झिजत गेला आणि प्रांतोप्रांती त्याची निरनिराळी आडनावे झाली: पूर्व आणि मध्य जर्मनीत शुल्त्स किंवा शुल्त्से, वेस्टफालियात शुल्टे, आणि सायलेशियात मुख्यतः शोल्त्स. पुढे काही विद्वान घराण्यांनी त्याचे लॅटिन रूपांतर करून प्रेटोरिउस असे नाव घेतले. १६२१ मध्ये निधन पावलेले संगीतकार मिखाएल प्रेटोरिउस हे अशाच घराण्यातले. पोलिश भाषेनेही हा शब्द उचलला आणि पोलंडमध्ये गावच्या प्रमुखाला आजही त्याच शब्दाच्या पोलिश रूपाने ओळखतात.

सायलेशियाची गोष्ट विशेष आहे. तेराव्या शतकात तेथील राजांनी आणि मठांनी जर्मन शेतकऱ्यांना बोलावून नवी गावे वसवली. वसाहतीसाठी कुटुंबे जमवून आणणाऱ्या आणि जमिनीची वाटणी करणाऱ्या माणसालाच बहुधा गावाचे प्रमुखपद वंशपरंपरेने मिळे, आणि त्यासोबत करमुक्त जमीन, न्यायसभेतील दंडाचा तिसरा हिस्सा, कोठे गिरणीचा तर कोठे मद्यगृहाचा हक्कही मिळे. आपल्याकडची पाटिलकीची वतने आठवावीत, इतके हे साम्य आहे. ही वतने विकलीही जात, म्हणजे पद एका घराकडे आणि आडनाव दुसऱ्याच घराकडे, असेही होई.

म्हणूनच एक गोष्ट आग्रहाने सांगते. ठाणे-रायगडात आगरी, कोळी, मराठा अशा कितीतरी समाजांत पाटील आहेत आणि ते सारे एका कुळाचे नाहीत; तसेच सगळे शोल्त्सही एका घराण्याचे नाहीत, कारण प्रत्येक गावाला प्रमुख होता. आंतरजालावर या आडनावाचे 'घराण्याचे चिन्ह' विकणारे अनेक जण भेटतील, त्यांच्यावर पैसे घालवू नका. आडनाव आपल्याला प्रांतापर्यंत नेईल, घरापर्यंत मात्र गावाचे नावच नेईल.

मोडीवाचक:
मी मोडी कागदपत्रे वाचतो आणि मित्राच्या कामानिमित्त थोडी जुनी जर्मन लिपीही शिकलो आहे. तिला कुरेंट म्हणतात. मोडीप्रमाणे तीही हात न उचलता भरभर लिहिण्यासाठी घडलेली असल्यामुळे तिच्यातली अक्षरे एकमेकांसारखी दिसतात; तिचा 'ए' आपल्याला सरळ 'एन' वाटतो. हा गोंधळ टाळण्यासाठी 'यू' या अक्षरावर एक वक्र रेघ देण्याची पद्धत होती, जवळजवळ आपल्या अर्धचंद्रासारखी. आडनावातल्या स्वरावर ती रेघ असेल तर शुल्त्स. रेघ नसेल आणि अक्षर वाटोळे मिटलेले असेल तर शोल्त्स. केवळ एका शब्दावरून निर्णय घेऊ नका, त्याच हातचा 'यू' असलेला दुसरा शब्द शोधून दोन्ही ताडून पाहा.

कुलाब्याचा अभ्यासक:
नोंदींविषयी. सायलेशिया प्रशियाच्या राज्यात असल्यामुळे तेथे १ ऑक्टोबर १८७४ पासून जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. उर्वरित जर्मन साम्राज्यात ती १ जानेवारी १८७६ पासून आली. जर्मन कायद्यानुसार जन्माच्या नोंदी ११० वर्षांनी आणि विवाहाच्या ८० वर्षांनी अभिलेखागारात खुल्या होतात, तेव्हा आपल्या दोन्ही नोंदींची मुदत उलटून गेली आहे. माझा सल्ला असा की सुरुवात बर्लिनपासून करावी. १९२७ च्या विवाहनोंदीत वधूचे जन्मस्थान असते, आणि अशा जुन्या नोंदवह्या बर्लिनच्या राज्य अभिलेखागारात आहेत.

१९४५ नंतर ब्रेस्लाउ पोलंडमध्ये गेले आणि त्याचे नाव व्रोत्सवाफ झाले. जर्मन रहिवाशांना तेथून जावे लागले, कागद मात्र काही तेथे राहिले, काही बर्लिनच्या 'श्टांडेसआम्ट १' या नोंदणी कार्यालयाकडे आले आणि काही युद्धात नष्ट झाले. म्हणून दोन्हीकडे विचारावे लागेल. १८७४ च्या मागे जायचे तर चर्चची पुस्तके पाहावी लागतात. त्यातही एक खाचखळगा आहे: १७४० च्या दशकात प्रशियाने जिंकेपर्यंत सायलेशियावर ऑस्ट्रियाची सत्ता होती आणि बऱ्याच भागांत प्रॉटेस्टंटांची चर्चे काढून घेतलेली होती, त्यामुळे त्या काळातील प्रॉटेस्टंट कुटुंबांचे बाप्तिस्मे अनेकदा कॅथलिक पुस्तकांत सापडतात.

गिरगावकर:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी बायबल गॅलरीत उजेडात नेऊन भिंगाने पाहिले. त्याच ओळीत पुढे 'ब्रेस्लाउ' लिहिले आहे आणि त्याच्या शेवटच्या अक्षरावर वक्र रेघ स्पष्ट आहे. आडनावातील अक्षर मात्र वाटोळे असून त्यावर काहीही नाही. म्हणजे शोल्त्स. वडिलांनी ते नाव दोन-तीनदा मोठ्याने उच्चारून पाहिले आणि म्हणाले की, आजी स्वतःचे नाव सांगताना असेच काहीसे म्हणत असे, आम्हीच ते कागदावरच्या नावाप्रमाणे सुधारून घेत होतो. खालच्या ओळीत गावाचेही नाव आहे. शेवट 'डोर्फ' असा लागतो, पण सुरुवातीची तीन-चार अक्षरे शाई पसरल्याने लागत नाहीत. मोडीवाचक, आपली हरकत नसेल तर त्या पानाचे छायाचित्र आज रात्री आपल्याला व्यक्तिगत संदेशातून पाठवतो. बर्लिनच्या अभिलेखागाराला पत्र उद्याच लिहीत आहे.