शब्द नसलेलं गाणं : स्टील गिटारचं काय ऐकू? तुमचे अनुभव सांगा

दाढदुखी :
नागपुरात गोकुळपेठेत माझं रूट कॅनाल सुरू आहे. परवा गाल धरून वेटिंगमध्ये बसले होते, तर भिंतीवरच्या स्पीकरमधून बारीक आवाजात एक धून सुरू झाली. आधी वाटलं, कुणी बाई गुणगुणतेय. मग वाटलं, व्हायोलिन. पण इथे तार छेडल्याचं स्पष्ट कळत होतं. छेडल्यावर सूर जागेवर थांबत नव्हता. ओल्या फरशीवर पाय घसरावा तसा वर वर सरकत होता, फक्त पडत नव्हता. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, पेन ड्राइव्हमध्ये आहे. ट्रॅक चौदा." नाव नाही, गाव नाही. आत डॉक्टर म्हणाले, "स्टील गिटार. बाबांचा संग्रह आहे." एवढ्यात तोंड उघडायला सांगितलं, त्यामुळे पुढचं विचारायचं राहून गेलं.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. भूप आणि देस यातला फरक विचारला तर घाम फुटेल. तर तुम्ही हे वाद्य पहिल्यांदा कुठे ऐकलं, आणि मी सुरुवात कुठून करू? नुसत्या याद्या नका देऊ, गोष्ट सांगा.

अजनीचे काका :
ताई, पहिला मान माझा. उभी नोकरी अजनीच्या रेल्वे शेडला झाली. क्वार्टरला शेजार बंगाली, बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात आजोबा आले ते इथलेच झाले. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. दादा ड्युटीवरून आले की आंघोळ करून व्हरांड्यात बसायचे. मांडीवर टॉवेल, त्यावर गिटार आडवी, पाळण्यातल्या बाळासारखी. डाव्या हातात बोटाएवढी पोलादी कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. तारा बोटांनी दाबायच्याच नाहीत. त्या मुद्दाम उंच केलेल्या असतात, कांडी लाकडाला टेकू नये म्हणून.

एकदा कांडी मला दिली. फिरवली, तर दारात मांजर सापडल्यासारखा आवाज! दादा हसून हसून बेजार. म्हणाले, दांडीवरच्या आडव्या पट्टीच्या बरोब्बर वर ठेव, केसभर मागे झाली की बेसूर. आणि दाबू नको, नुसती टेकव. महिनाभर केलं, मग नाद सोडला. पण कान तयार झाला.

दादांच्या तबकड्यांत सुनील गांगुली आणि बटुक नंदी. गांगुलींनी हिंदी सिनेमाची गाणी वाजवली, नंदींचं रवींद्रसंगीत. तुम्ही गांगुलींपासून सुरुवात करा, कारण गाणं आधीच ओळखीचं असेल. शब्द आपोआप आठवतात आणि गिटार ते कसं उच्चारते तेवढंच ऐकायचं राहतं. कलकत्त्यात हे आलं कुठून, तर हवाई बेटांवरून. ताऊ मो नावाचा हवाईचा कलावंत १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहून शिकवत होता. आणि रेल्वेवाल्यांसाठी खास : जोसेफ केकुकू हा ओआहू बेटावरचा पोरगा रुळांवरून चालताना एक बोल्ट उचलतो, तो गिटारच्या तारांना लागतो आणि हे वाद्य जन्माला येतं, अशी दंतकथा आहे. खरीखोटी देव जाणे. आम्ही मात्र शेडमध्ये ती छातीठोकपणे सांगायचो.

महालवाला :
काका, मांजराचा किस्सा खतरनाक.

आमच्या गल्लीतल्या गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचा. मी सातवीत असेन. एक काका खुर्चीवर बसून मांडीवरच्या गिटारवर हात इकडून तिकडे फिरवून राहिले होते. मागून एक पोरगं ओरडलं, "काका, इस्त्री झाली का?" अख्खा मंडप हसला. काकांनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पुढचं गाणं असं काही उचललं, की अंतऱ्यापर्यंत ते पोरगंच शिट्टी वाजवून राहिलं होतं. ते भैताड पोरगं मीच.

पुढे बर्डीवर रस्त्याकडेला जुन्या तबकड्या विकणाऱ्याकडे व्हॅन शिपलेची एक मिळाली, मग हजारा सिंगची. दोघांचीही इलेक्ट्रिक गिटार. गांगुलींपेक्षा चाल झणझणीत आहे. सुरुवातीला काकांचं ऐका, पण संध्याकाळी पोह्यावर तर्री घ्यावीशी वाटली तर हे.

कूलरखाली :
'कॉल ऑफ द व्हॅली' कुणी कसं सांगितलं नाही अजून?

१९६७ चं रेकॉर्डिंग. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, वेळेप्रमाणे राग. बाबांनी कॅसेट आणली तेव्हा मी कितीतरी वर्षं बासरीच ऐकत होतो. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर, दुपारी खिडक्यांना वाळा लावून आम्ही फरशीवर पडलेलो. कूलरची घरघर हाच तानपुरा. एका दुपारी लाइट गेली. कूलर थांबला, टेपला मात्र सेल होते. त्या शांततेत पहिल्यांदा गिटार वेगळी ऐकू आली. संतूर टिपं टाकत जातो, त्या टिपांच्या मधली जागा गिटार भरून काढते. तो क्षण मला अजून आठवतो, आणि घामसुद्धा.

काबरा मूळचे जोधपूरचे, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. सरोदचा घराणेदार अभ्यास या परक्या वाद्यावर चढवला. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, आणि संथ आलापी हा आपल्या गाण्याचा जीव. बोटांनी दाबायच्या गिटारला पट्ट्यांचे अडथळे, इथे कांडीला अडवायला कुणी नाही. म्हणून स्टील गिटार आपल्याकडे रुजली, असं माझं मत. दाढदुखीताई, राग ओळखता येत नाहीत ही अडचण नाहीच. पहिले तीनदा गिटार शोधत ऐका, बाकी सोडून द्या.

भांडखोर :
मला हे वाद्य सहन होत नाही. लहानपणी रेडिओवर बातम्यांआधी वेळ भरायला लावायचे. चहा निवलाय, शाळेला उशीर झालाय आणि मागे ही रडकी गिटार. सगळ्या धुना सारख्याच रडतात. कुणीतरी मला खोटं पाडा.

रात्रपाळी :
पाडतो. स्पीडी वेस्ट आणि जिमी ब्रायंट, 'स्ट्रॅटोस्फियर बूगी', १९५४. ऐका आणि मग बोला.

मी मिहानमध्ये अमेरिकन वेळेवर काम करतो. तिकडच्या एका सहकाऱ्यामुळे पेडल स्टीलची ओळख झाली. ती मांडीवर नसते, टेबलासारखी पायांवर उभी. पायाखाली पेडल, गुडघ्याशी खटके. कांडी जागेवर असतानाच पेडल दाबलं की एखादीच तार ताणली जाते, म्हणजे तीन सुरांतला एक सरकतो आणि दोन तिथेच थांबतात. एकदा हे कळलं की अमेरिकन कंट्री गाण्यातलं ते हुंदक्यासारखं वळण कुठून येतं ते ऐकू यायला लागतं. बडी एमन्सने त्याच वाद्यावर १९६३ मध्ये 'स्टील गिटार जॅझ' केली. हुंदका नाही, गप्पा आहेत.

पहाटे तीनला मात्र ब्रायन इनोची 'अपोलो' लावतो, १९८३ ची. चंद्रमोहिमांवरच्या माहितीपटासाठी केलेलं संगीत, त्यात डॅनियल लान्वाची पेडल स्टील. खिडकीतून वर्धा रोडचे ट्रक दिसतात, आणि ट्रकही तरंगतात.

एकच धून ऐकायची असेल तर 'स्लीप वॉक', १९५९. सँटो आणि जॉनी हे ब्रुकलिनचे दोघे भाऊ. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती. चार मिनिटांहूनही कमी, दाढेला झेपेल.

भांडखोर :
'स्ट्रॅटोस्फियर' ऐकलं. हे रडकं नाही, आचरट आहे. दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. चारदा ऐकलं. तरी रेडिओबद्दलचं मत तेच आहे.

धंतोलीची पोर :
आमच्याकडे दुर्गापूजेत मांडवात बंगाली गिटार वाजायची, म्हणून मला ते 'म्हाताऱ्यांचं' वाटायचं. सॉरी काका. मत बदललं पुणे-नागपूर बसमध्ये. सीट मोडकी, मागे सरकायची तर ती पुढेच यायची, शेजारचे गृहस्थ घोरत होते. मैत्रिणीने फोनमध्ये भरून दिलेलं 'अ मीटिंग बाय द रिव्हर' लावलं. विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर. दोघं रेकॉर्डिंगच्या जेमतेम तासभर आधी पहिल्यांदा भेटले होते, एका चर्चमध्ये बसून वाजवलं. अल्बम १९९३ चा, पुढच्या वर्षी ग्रॅमी. भट्टांची मोहनवीणा म्हणजे गिटारच, पण चिकारीच्या (लयीसाठी मध्ये मध्ये छेडायच्या) आणि तरफांच्या (आपोआप गुंजणाऱ्या) तारा घालून वीसेक तारांची केलेली. एकाने विचारायचं, दुसऱ्याने लगेच उत्तर न देता थोडं थांबायचं. ते थांबणं ऐका. औरंगाबाद कधी गेलं कळलं नाही. शेवटची 'इसा लेई' हे फिजीचं निरोपाचं गाणं, ते मात्र घराजवळ आल्यावर लावायचं.

त्यानंतर देबाशिष भट्टाचार्य, काबरांचेच शिष्य. 'कलकत्ता क्रॉनिकल्स', २००८. त्यांनी तीन गिटारी स्वतः घडवल्या : चतुरंगी, गांधर्वी आणि आनंदी. आनंदी चारच तारांची, चिमुकली. द्रुत लयीत त्यांचा हात इतका स्वच्छ असतो की मला थोडा रागच येतो. नवख्या माणसाने थेट इथे उडी घेऊ नये, हे माझं मत, भांडण नको.

सावजी :
तुम्ही सगळे लहानपणापासून ऐकून राहिले, पण पत्ता नाही. लूनी ट्यून्सच्या सुरुवातीला गोलगोल चकत्या येताना जो 'ब्वाँऽऽग' होतो ना, ती स्टील गिटार. फ्रेडी टावारेसने वाजवलेली. बास, एवढंच माहीत होतं मला.

कूलरखाली :
सावजी, पंचवीस वर्षं मी तो आवाज तोंडाने काढतोय. धन्य आहात.

दाढदुखी :
सगळ्यांना एकत्रच सांगते. 'स्लीप वॉक' ऐकली, भांडी घासताना. नळ बंद करून परत ऐकली. 'व्हॅली'त दुसऱ्यांदा गिटार सापडली, पहिल्यांदा चक्क तबल्यामागे शोधत होते. देबाशिष यांना हात लावला नाही, आज्ञा पाळलीय. 'इसा लेई' मात्र घरातच बसून ऐकली, बस कुठून आणू?

काल दुसरं सिटिंग होतं. फोन पर्समध्ये रेकॉर्डिंगवर लावून बसले. ट्रॅक चौदा आला, वीस सेकंद मिळालं, त्यात अर्ध्याहून जास्त ड्रिलची घूं. काकांना पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर : "गांगुली. ड्रिलचा सूर थोडा उतरलेला आहे."

डॉक्टर म्हणाले, एका सिटिंगमध्ये संपेल आता. मी म्हटलं, माझी काही घाई नाही.