नैरोबीत पार्कलँड्स ते इंडस्ट्रियल एरिया रोज मटाटूने जाणे कितपत सुरक्षित आहे?

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ठिबक सिंचन संचांची जोडणी आणि देखभाल करण्याच्या नोकरीसाठी पुढच्या महिन्यात नैरोबीला जात आहे. गोदाम इंडस्ट्रियल एरियात असून राहण्याची सोय पार्कलँड्समध्ये झाली आहे, त्यामुळे रोज शहर ओलांडणे आलेच. कंपनीची गाडी फक्त पहिल्या आठवड्यापुरती मिळेल. त्यानंतर मटाटूने (तिकडची खासगी प्रवासी मिनीबस) जावे की टॅक्सीच करावी, यावर घरात दोन मते आहेत, आणि मटाटूचे व्हिडिओ पाहिल्यापासून आईच्या जिवाला घोर लागला आहे. खान्देशातले बरेच जण कामानिमित्त तिकडे राहून आलेले आहेत. त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अनेरकर (चोपडा)

ताई, दिवसाउजेडी मटाटूने अवश्य जाऊ द्या. मी नैरोबीत नोकरीला होतो आणि रोजचा प्रवास त्यानेच करत असे. आपल्याकडच्या काळीपिवळीसारखीच ती गाडी भरल्याशिवाय स्टेजवरून हलत नाही. तिकडे थांब्याला स्टेज म्हणतात. मात्र गाडीपेक्षा जास्त जपायचे ते दोन गाड्यांच्या मधल्या पायी अंतरात. बहुतेक मार्ग शहराच्या मध्यभागी येऊन संपतात. पार्कलँड्सकडची गाडी एका रस्त्यावर सोडते, पुढची दुसऱ्याच रस्त्यावरून सुटते, आणि मोय अव्हेन्यूच्या पूर्वेला टॉम एम्बोया स्ट्रीट व रिव्हर रोडच्या बाजूला इतकी दाटी असते की खिशातून मोबाईल गेलेला कळतही नाही. नवखा माणूस तिथे थांबून फोनवर नकाशा पाहू लागला की सगळ्यांच्या नजरेत भरतो.

म्हणून कंपनीची गाडी हाताशी आहे तोवरच भावाने एखाद्या स्थानिक सहकाऱ्याला बरोबर घेऊन हा मधला टप्पा सकाळच्या वेळी चालून पाहावा आणि पाठ करावा. मोय अव्हेन्यूवरची नॅशनल आर्काइव्ह्जची इमारत, जी मुळात नॅशनल बँक ऑफ इंडियासाठी बांधली गेली होती, ती खूण म्हणून चांगली. चुकल्यास तिथवर परत येता येते. नकाशा पाहायचाच असेल तर एखाद्या दुकानात किंवा बँकेत शिरून पाहावा.

गाडीची निवड करताना तिच्यावर ती चालवणाऱ्या सहकारी संस्थेचे नाव, मार्गाचा क्रमांक आणि पिवळा पट्टा स्पष्ट दिसतो का, ते बघावे. जॉन मिचुकी वाहतूकमंत्री असताना 2004 मध्ये लागू झालेल्या नियमांनी ताशी 80 किलोमीटरवर वेग रोखणारे यंत्र आणि प्रत्येक आसनाला पट्टा सक्तीचा केला, तसेच उभ्याने प्रवासाला बंदी घातली. त्या नियमांची धार आता तेव्हाइतकी राहिलेली नाही, त्यामुळे आसनांना पट्टे नसलेली किंवा खच्चून भरलेली गाडी सरळ सोडून द्यावी. मागे दुसरी असतेच.

बसताना खिडकी टाळावी. कोंडीत गाडी उभी असताना कोणीतरी रांगांमधून चालत येतो, उघड्या काचेतून हात आत घालतो, आणि कानाला लावलेला फोन बोलणे पुरे व्हायच्या आत गेलेला असतो. भाडे चढण्यापूर्वीच विचारून घ्यावे, कारण गर्दीच्या वेळी आणि पाऊस आला की ते वाढते. बोटांमध्ये नोटा उभ्या दुमडून धरलेला, दारात लटकणारा वाहक, म्हणजे मकांगा, मोठ्याने ओरडतो, पत्र्यावर थापा मारतो, हात धरून ओढतोही. ती त्याची ग्राहक मिळवण्याची रीत आहे, तिला घाबरण्याचे कारण नाही.

धुळेकर_प्रवासी

अनेरकर दादांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण संध्याकाळच्या परतीबाबत माझे मत वेगळे आहे. नैरोबी विषुववृत्ताला लागून असल्यामुळे तिथे आपल्या मे महिन्यासारखी लांबलेली संध्याकाळ कधीच नसते. वर्षभर साधारण साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि अंधार झपाट्याने पडतो. गोदामातून सुटायला सहा वाजले की गाडी बदलण्याचा टप्पा नेमका अंधारात येतो. अशा दिवशी दारापासून दारापर्यंत ॲपवरची टॅक्सी करावी आणि बसण्यापूर्वी गाडीचा क्रमांक जुळवून पाहावा. बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, मात्र घाई असली तरी रोजच्या सवयीची होऊ देऊ नये. लांबच्या हमरस्त्यावर तिचा अपघात जिवावर बेततो.

गिरणाकाठ (जळगाव)

दोघांचेही मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. पैसे रोख ठेवावेत की मोबाईलवरून द्यावेत? आणि मोर्चांच्या बातम्या येतात, तेव्हा काय करावे?

अनेरकर (चोपडा)

एम-पेसा ही मोबाईलवरून पैसे देण्याची तिथली सेवा 2007 पासून आहे आणि बऱ्याच मटाटूंमध्ये चालते, तेव्हा पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम पहिल्याच दिवशी घ्यावे. तरीही मटाटूच्या भाड्यासाठी मी रोखच सुचवीन, कारण गर्दीत फोन बाहेर काढणे हीच जोखीम आहे. तेवढ्यापुरते सुटे पैसे वरच्या खिशात वेगळे ठेवावेत, पाकीट उघडूच नये. पासपोर्ट खोलीवर कुलपात राहू द्यावा आणि बरोबर त्याची छायाप्रत असावी.

मोर्चाच्या दिवशी मध्यभागातून जाण्याचा विचारच करू नये. जून 2024 मध्ये कर वाढवणाऱ्या वित्त विधेयकाविरुद्ध तिथे मोठे आंदोलन झाले आणि 25 जूनला लोक संसदेत शिरले. अशा वेळी दुकाने बंद होतात, मटाटू वाटेतच प्रवाशांना उतरवून परत फिरतात आणि माणूस मध्येच अडकतो. आदल्या रात्री सहकाऱ्यांना विचारून घ्यावे आणि साहेबांना कळवून खोलीवरच थांबावे.

आईंना एवढे सांगा की केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तो साडेसहाला खोलीवर पोहोचेल तेव्हा जळगावात नऊ वाजलेले असतील. त्याआधी फोन आला नाही म्हणून काळजी करू नये, आणि वाटेत असताना त्याला फोन लावू नये.